होशरुबाची सनद

निजामी कागद वाचून ज्याचं पोट भरलं, त्याला एक खोड जडते. कुठलीही हकिकत ऐकली की तो आधी विचारतो: हक्क कुणाचा, वहिवाट कुणाची, आणि कागद कुठाय? परभणीला कोर्टाच्या आवारात बसून मी आयुष्यभर हेच केलं. इनामी जमिनींचे मुंतखब, सनदा, अतियातचे जुने निवाडे, उर्दूतले मराठीत उतरवून द्यायचे. समोरचा पक्षकार धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत विचारणार, "भाऊ, यात आमच्या आजोबाचं नाव कुठाय?" आणि मी बोट ठेवून दाखवणार. कधीकधी नाव नसायचंच. मग तो माझ्याकडे असा बघायचा, जणू मीच खोडलंय.

उर्दू मला वडिलांकडून मिळाली. त्यांची शाळा निजामाच्या राज्यातली. घरी मराठी, देवघरात संस्कृत, वर्गात उर्दू. ओव्या म्हणाव्यात तितक्या सहज ते 'तिलिस्म-ए-होशरुबा' या उर्दू दास्तानीतल्या (लांबलचक कथेतल्या) जादूगारांची नावं म्हणायचे: अफरासियाब, हैरत, बहार, माहरुख. आमच्या पिढीला अय्यार आणि तिलिस्म हे शब्द कळले ते १९९४ साली दूरदर्शनवर 'चंद्रकांता' आली तेव्हा. पण 'चंद्रकांता'चे लेखक देवकीनंदन खत्रींनी तो माल जिथून उचलला, ती मूळ पेढी लखनौची. खत्रींच्या तिलिस्मात कळा, चाव्या, भुयारं आहेत. लखनौच्या तिलिस्मात खरी जादू आहे. आणि जिथे खरी जादू, तिथे तिच्या ताब्यासाठी राजकारण आलंच.

दास्तानवाले तिलिस्म कशाला म्हणतात ते आधी सांगायला हवं. तिलिस्म म्हणजे जादूने निर्माण केलेला अख्खा मुलूख. त्याला सीमा असतात, शहरं, बाजार, वजीर, खजिना, फौज, सगळं असतं. पण तो बांधणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी ठरवून ठेवलेल्या असतात: हा मुलूख किती काळ टिकेल, आणि कुणाच्या हातून मोडेल. मोडण्याची रीत एका पाटीवर, लौहवर, लिहिलेली असते आणि ती पाटी कुठेतरी दडवलेली असते. थोडक्यात, मुदतीचा पट्टा. मुदत संपली की कबजा सोडायचा. आणि कबजा कुणी सुखासुखी सोडत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको.

होशरुबाचा बादशहा अफरासियाब. नाव शाहनाम्यातल्या तुराणी राजाचं. पण गादी वारशाने आलेली नाही. आधीचा बादशहा लाचीन. अफरासियाब त्याच्या हाताखालचा. त्याने धन्यालाच उतरवलं, कैदेत टाकलं, आणि मुलूख बळकावला. म्हणजे पट्टा दुसऱ्याचा, मुदत भरत आलेली, आणि वर जबरदस्तीची वहिवाट! अशा माणसाची झोप कशी असेल? अफरासियाबला झोप नाहीच म्हणा. त्याच्याकडे सामरीचा ग्रंथ आहे. तिलिस्माच्या आत-बाहेर जे घडतं ते त्यात उमटतं. तळहाताच्या रेषा त्याला शुभ-अशुभ वेळ सांगतात. कुणी त्याचं नाव घेऊन हाक मारली की त्याला कळतं. तो दरबारात नसला तरी आरशातून त्याचं शरीर गादीवर हजर होतं. इतकी टेहळणी करणारा राजा बलवान असतो, असं पोरांना वाटतं. माझ्या मते तो घाबरलेला असतो.

त्याच्या मुलखाचे तीन भाग: जाहिर, बातिन आणि जुलमात. उघडा, गुप्त आणि अंधाराचा. जाहिर आणि बातिन यांच्यामधून वाहत्या रक्ताची नदी जाते. तिच्यावर धुराचा पूल, पुलाच्या राखणीला धुराचेच दोन सिंह. पुलावरून तीन मजल्यांचा बुरूज निघतो. तळमजल्यावर पऱ्या तुताऱ्या ओठांना लावून सज्ज उभ्या. मधल्या मजल्यावरच्या पऱ्या नदीत मोती फेकतात आणि मासे ते तोंडात धरून फिरतात. सगळ्यात वर धिप्पाड हबशी दोन रांगांत एकमेकांवर तलवारी चालवत असतात. त्यांच्या जखमांतलं रक्त खाली पडतं, तीच नदी. वडील हे वर्णन करताना तिसऱ्या मजल्यावर आले की थांबायचे आणि म्हणायचे, "वरचे कुणासाठी लढतात, हे त्यांना ठाऊक नाही बरं का." पुस्तकात हे वाक्य नाही. ते वडिलांचं.

आता पक्ष. लका नावाचा एक धिप्पाड ढोंगी स्वतःला देव म्हणवतो. दास्तानीचा नायक अमीर हमजा त्याच्या मागे लागलेला, म्हणून तो होशरुबाच्या शेजारी अकीक पहाडाच्या आश्रयाला येतो. तिथून अफरासियाबकडे मदतीची मागणी जाते. अफरासियाब एकामागून एक जादूगार पाठवतो. दरम्यान हमजाचा मुलगा बदीउज्जमान हरणामागे धावत तिलिस्माच्या हद्दीत शिरतो आणि सापडतो. मग हमजाचा नातू असद आणि पाच अय्यार, म्हणजे वेषांतरात तरबेज हेर, आत जातात. तिलिस्म याच असदच्या हातून मोडायचा, असं लिहून ठेवलेलं आहे. त्या पाचांत एक बर्क फिरंगी आहे. लखनौच्या गोष्टीत फिरंगीसुद्धा आपल्या बाजूने कामाला लावलेला!

पण खरी फाटाफूट घडते ती अफरासियाबच्या घरातच. माहरुख ही मोठी जादूगारीण. तिची नात माहजबीन असदवर भाळते, आणि माहरुखला स्वतःच्या ज्योतिषात दिसतं की तिलिस्म बुडणार. ती बंडाचा झेंडा उभारते. मग येते बहार, अफरासियाबच्या राणीची, हैरतची, सख्खी बहीण. आधी बंडखोरांवरच चालून आलेली, पुढे त्यांनाच जाऊन मिळालेली. तिची जादू बघण्यासारखी. तलवार नाही, आग नाही. ती गुच्छ फेकते आणि रणांगणावर वसंत येतो. थंड वारा सुटतो, फुलं उमलतात, शत्रूची फौज शेर म्हणत, डोलत, हत्यारं टाकून तिच्या मागे चालू लागते. त्यानंतर डोळे लाल असलेली मखमूर फुटते. शेजारच्या नूर-अफशान तिलिस्माचा राजा कौकब तर उघड बंडखोरांच्या बाजूने उतरतो.

इथे एक मुद्दा मला फार मोलाचा वाटतो. हमजाच्या धर्मात जादू निषिद्ध. हमजाजवळ इस्म-ए-आजम, म्हणजे ईश्वराचं महानाम, आहे; ते उच्चारलं की जादू फिकी पडते. पण तो स्वतः जादू करत नाही. तरी होशरुबातली निम्मी लढाई त्याच्या पक्षाने जिंकली ती फुटून आलेल्या जादूगारणींच्या जोरावर. बहार पक्ष बदलते, विद्या सोडत नाही. आणि तिला ती सोडायला कुणी सांगतही नाही. तत्त्व छावणीच्या दारावर लिहायचं आणि हत्यार मागच्या दाराने आत घ्यायचं, ही रीत लखनौच्या दास्तानगोंनी इतक्या सहजपणे मांडली आहे की ते टीका करतायत की कौतुक, हे कळत नाही. मला वाटतं, दोन्ही करत नव्हते. त्यांनी दरबार जवळून पाहिलेले होते.

हमजाचा अय्यार अमर, त्याच्याबद्दल लिहायचं तर वेगळा लेख लागेल. त्याची झंबील नावाची थैली, जिच्यात अख्खी शहरं मावतात. पांघरली की माणूस दिसेनासा होतो ती घोंगडी. आणि त्याचा लोभ. जादूगाराला बेशुद्ध केलं की हा पहिल्यांदा त्याच्या अंगावरचे दागिने उतरवतो. फास आवळायचं काम नंतर.

आणि जादूगार मेला की काय होतं? अंधार पडतो. वादळ सुटतं, आग आणि दगड बरसतात, आरडाओरडा होतो. मग त्या काळोखातून आवाज येतो: मला मारलं, माझं नाव अमुक जादू होतं. हे दर वेळी. शेकडो वेळा. मोठा सरदार असो की दोन पानांचा धनी, प्रत्येकाचं नाव नोंदवलं जातं, मगच उजेड पडतो. फेरफार मंजूर झाल्याशिवाय सातबारा बदलत नाही, तसंच हे.

आता हा मुलूख कागदावर कधी आला ते बघा. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केलं. तिथला बादशहा वाजिद अली शाह कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेला, वर्षाला बारा लाखांच्या तनख्यावर. पुढच्या वर्षी त्याच्या बेगम हजरत महलने पोरसवदा मुलगा बिरजिस कद्र याला गादीवर बसवून बंड चालवलं, तेही मोडलं. १८५८ साली मुन्शी नवल किशोर यांनी लखनौत छापखाना काढला. याच छापखान्यातून १८८३ साली होशरुबाचा पहिला खंड बाहेर पडला. मटियाबुर्जचा बादशहा तेव्हा हयात होता. तो वारला १८८७ ला. म्हणजे राज्य गमावलेला राजा तनखा खात बसलेला असताना, त्याच्याच राजधानीतली माणसं गादी बळकावलेल्या बादशहाच्या गोष्टी छापत होती. अफरासियाब म्हणजे इंग्रज, असं सरळ समीकरण मांडणारे मांडोत; मला ते पटत नाही. गोष्ट तोंडी आधीपासून चालत होती. पण चौकातल्या मैफलीत अफूचा पेला हातात घेऊन ऐकणाऱ्याच्या मनात मटियाबुर्ज येतच नसेल, हेही मला पटत नाही.

छापखान्यातलं राजकारण तर तिलिस्मापेक्षा चवदार. पहिले चार खंड मुहम्मद हुसेन जाह यांनी लिहिले, १८९० पर्यंत. मग जाह आणि नवल किशोर यांचं बिनसलं. जाह यांनी पाचव्या खंडाचा काही भाग दुसऱ्या छापखान्यातून काढला. नवल किशोर यांनी काम अहमद हुसेन कमर यांच्याकडे सोपवलं. कमर यांनी पाचवा, सहावा, सातवा खंड लिहिला. १८९३ साली काम संपलं. आणि लिहिता लिहिता कमर यांनी आधीच्या लेखकावर यथेच्छ तोंडसुख घेतलं. अफरासियाब आणि लाचीन यांचं भांडण मुखपृष्ठाच्या बाहेर येऊन उभं राहिलं.

त्याहून मजा वंशावळीची. छापील खंड सांगतात की ही दास्तान मूळ फारसी, अकबराच्या दरबारातल्या फैजीची. अकबराला हमजाचं वेड होतं हे खरं. त्याने कापडावर सुमारे चौदाशे चित्रांचा हमजानामा करवून घेतला. त्यातली दोनशेसुद्धा आज शिल्लक नाहीत. पण त्या हमजानाम्यात होशरुबा नाही. अभ्यासकांनी माग काढला तर धागा जातो एकोणिसाव्या शतकातल्या लखनौच्या मीर अहमद अली या दास्तानगोपर्यंत, आणि त्यांचे शागीर्द अंबा प्रसाद रसा यांच्यापर्यंत. पुढे रामपूरच्या नवाबांनी या लोकांना आसरा दिला. म्हणजे गोष्ट अगदी अलीकडची, घरची, लखनवी; आणि सनद मात्र अकबराच्या नावाची. मागची तारीख घालून केलेले दस्त मी इतके पाहिलेत की हे वाचून मला हसूच आलं. शाई नवी, शिक्का जुना. फरक एवढाच की जमिनीच्या दस्तात खोटं सापडलं तर जमीन जाते. इथे उलट झालं. खोटी सनद उघडी पडली तेव्हा कळलं की आठ हजार पानांची ही निर्मिती अकबराच्या दरबारातल्या कुणाची नसून चौकात बसून बोलणाऱ्या माणसांची आहे.

ही माणसं एकेका प्रसंगाला लांबण कशी लावत, ते त्यांचं मोठं कसब. त्याला दास्तान रोखणं म्हणत. रसिक सांगतात ती गोष्ट अशी: नायक प्रेयसीच्या दाराशी आलाय, चिक उचलायचा आहे, आणि आश्रयदात्याला गावाला जावं लागलं. तो परतेपर्यंत दास्तानगोने रोज रात्री सांगितलं, पण चिक काही उचलला नाही. गोष्टीतला बादशहा काळावर ताबा मिळवायला धडपडतो, सांगणाऱ्याला तो आधीच मिळालेला होता.

अमीर हमजाच्या दास्तानीचे नवल किशोर छापखान्याने काढलेले खंड एकूण सेहेचाळीस. ते सगळे एका जागी जमवले अलाहाबादच्या शम्सुर्रहमान फारुकी यांनी, आणि त्यांच्यावर जो अभ्यास लिहिला त्याचं नाव ठेवलं 'साहिरी, शाही, साहिबकिरानी'. जादू, राज्य आणि पराक्रम. क्रम लक्षात घ्या, जादू पहिली. २००५ साली दिल्लीत त्यांच्याच प्रेरणेने दास्तानगोई पुन्हा मंचावर आली. मधली पोकळी मोठी होती: दिल्लीचे शेवटचे नामवंत दास्तानगो मीर बाकर अली १९२८ ला वारले, आणि उतारवयात त्यांच्यावर पान-सुपारी विकायची वेळ आली होती.

जाह थोर की कमर, हा वाद उर्दूवाले अजून घालतात. कमर यांचे जादूचे सामने दणकेबाज आहेत, पानंच्या पानं धडाधड पेटतात, यात शंका नाही. पण माझा कौल जाह यांच्या बाजूने. कारण जाह बाजारातून चालत जातात. त्यांच्या पानात सराफ बसतो, भटियारीण ओरडते, कारकून खोटा हिशेब करतो. अफरासियाबच्या मुलखात वसूल कोण करतं आणि गहाळ कुठे होतं, हे मला त्यांच्यामुळे कळलं; कमर यांच्या खंडांत मी ते शोधत बसलो आणि हाती फक्त आग लागली.