किंगस्नेकचे रंगप्रकार

किंगस्नेक आणि किंग कोब्रा यांच्या नावांत साम्य असले, तरी हे साप परस्परांहून सर्वस्वी भिन्न आहेत. किंगस्नेक हा अमेरिका खंडातील बिनविषारी साप असून रॅटलस्नेकसारखे विषारी सापही त्याचे भक्ष्य होतात. सर्पपालकांमध्ये त्याची कॅलिफोर्नियातील जाती विशेष लोकप्रिय आहे. काळ्या वा तपकिरी अंगावर पांढरे-पिवळे आडवे पट्टे, हे तिचे नेहमीचे रूप. त्याहून वेगळ्या दिसणाऱ्या आनुवंशिक रूपास ‘मॉर्फ’ म्हणतात. मॉर्फ ही स्वतंत्र जाती नव्हे. सॅन डिएगो परिसरातील, पाठीवर उभी रेघ असलेले साप पूर्वी वेगळ्या जातीचे मानले जात. एकाच मादीच्या अंड्यांतून दोन्ही प्रकारची पिल्ले निघतात, हे सर्पतज्ज्ञ लॉरेन्स क्लॉबर यांनी १९३०च्या दशकात दाखवून दिले.

रंगाचे मॉर्फ रंगद्रव्यांवरून ओळखले जातात. मेलॅनिन हे काळे रंगद्रव्य तयारच न झाल्यास साप ‘अल्बिनो’ होतो. त्याचे डोळेही लालसर दिसतात. मेलॅनिन केवळ घटल्यास ‘हायपोमेलॅनिस्टिक’, तर पिवळी-तांबडी रंगद्रव्ये नसल्यास ‘अ‍ॅक्झँथिक’ रूप मिळते. अल्बिनोपणाचे जनुक अप्रभावी असते. त्यामुळे अल्बिनो व सामान्य सापाची पिल्ले सामान्य दिसतात, पण ते जनुक वाहतात. अशा दोन वाहकांच्या संततीत सरासरी चारांत एक पिल्लू अल्बिनो निघते. पिवळाधमक ‘बनाना’ मात्र पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून घडला आहे. त्याला हे प्रमाण लागू पडत नाही.

केवळ रूपावरून मॉर्फ ठरवणे फसवे असते. वयानुसार रंग बदलतो. कॉर्न स्नेकशी झालेला संकरही वेगळाच रंग दाखवतो. सारखे दिसणारे दोन अल्बिनो भिन्न जनुकांमुळे तसे झाले असतील, तर त्यांची पिल्ले सामान्य रंगाची निघतात. म्हणून वंशावळीची नोंद आणि चाचणी-संकर हेच विश्वसनीय निकष होत.

या प्रकारांची दुसरी बाजू स्पेनच्या ग्रान कनारिया बेटावर दिसते. तेथे पाळीव सापांपासून फैलावलेल्या किंगस्नेकांत अल्बिनो आणि उभ्या रेघेचे साप मोठ्या संख्येने आढळतात. १९९८ पासून निसर्गात नोंदल्या गेलेल्या या सापांमुळे बेटावरील स्थानिक सरड्यांची संख्या प्रचंड घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. हौसेसाठी जोपासलेला रंग तेथे सापाच्या उगमाचा पुरावा ठरला आहे.