तळटीप : चेस्टर आर्थर आणि पेंडल्टन कायदा

* चेस्टर ॲलन आर्थर (अध्यक्षीय कारकीर्द १८८१–१८८५) : मूळ ग्रंथकाराने यांची एका ओळीत केलेली बोळवण आम्हांस अन्यायाची वाटते. न्यूयॉर्क बंदराच्या जकात कचेरीचे प्रमुख या नात्याने १८७१ पासून ज्यांनी सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग यांच्या गटाची माणसे सरकारी जागांवर पोसली, आणि वशिल्याच्या या कारभारास आळा घालण्यासाठी अध्यक्ष हेझ यांनी ज्यांना १८७८ मध्ये पदावरून दूर केले, तेच गृहस्थ अध्यक्ष गारफील्ड यांच्या मृत्यूमुळे सर्वोच्च पदी आरूढ झाले, तेव्हा सुधारणावाद्यांनी हाय खाल्ली यात नवल नाही. त्यातून गारफील्ड यांच्यावर २ जुलै १८८१ रोजी गोळी झाडणारा गिटो हा नेमणूक न मिळालेला उमेदवार, आणि आपण आर्थर यांच्याच गटाचे, असे तो जाहीरपणे सांगत होता!

तथापि गुणवत्तेच्या परीक्षेवर मुलकी नोकऱ्या देणाऱ्या आणि नोकरांकडून पक्षासाठी सक्तीची वर्गणी उकळण्यास (जी त्या जकात कचेरीत सर्रास वसूल होई) मनाई करणाऱ्या पेंडल्टन कायद्यावर १६ जानेवारी १८८३ रोजी सही झाली ती आर्थर यांचीच. आरंभी तो केंद्रीय नोकऱ्यांपैकी जेमतेम दशांशास लागू होता, हेही नमूद केले पाहिजे. हे हृदयपरिवर्तन, की १८८२ च्या निवडणुकीतील पक्षाच्या पराभवाचा धसका? आम्ही दोहोंस वाव ठेवतो. कारण १८८६ मध्ये मृत्यूपूर्वी आर्थर यांनी आपले बहुतेक खाजगी दफ्तर जाळवून टाकले.—संपादक