टंगस्टनची सुई

मेंदूविषयीच्या ज्ञानाचा इतिहास लिहिताना सिद्धांतांची वंशावळ तपशिलाने दिली जाते. परंतु ज्या हत्यारांवाचून ते सिद्धांत सुचलेच नसते, त्यांची बखर क्वचितच वाचावयास मिळते. हान्स बर्गरने येना येथे १९२४ साली मनुष्याच्या मेंदूतील विद्युत्स्पंदांचा आलेख घेतला खरा, पण तो असंख्य पेशींचा एकवटलेला कोलाहल होता. एकाच पेशीचा स्पंद टिपावयाचा तर तिच्या निकट पोहोचेल असे विद्युदग्र हवे होते. १९४९ मध्ये शिकागोच्या लिंग व जेरार्ड यांनी क्षारद्रावाने भरलेली, अर्ध्या मायक्रॉनहून बारीक टोकाची काचनळी सिद्ध केली. तथापि श्वासागणिक आणि नाडीच्या ठोक्यागणिक हलणाऱ्या मेंदूत, त्यातही प्राणी जागा असताना, ती नाजूक काच टिकणे दुरापास्त होते.

ही अडचण डेव्हिड ह्यूबेलने दूर केली. लष्करी सेवेच्या निमित्ताने १९५५ साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड संशोधनसंस्थेत रुजू झालेल्या या तरुण डॉक्टराने लेथ चालविण्याचा हुन्नर आत्मसात केला, आणि मला त्याच्या पुढील कीर्तीइतकाच हा हुन्नर आदरणीय वाटतो. टंगस्टन या अतिशय ताठर धातूची तार द्रावात बुडवून, तीतून वीज सोडून, तिचे टोक त्याने झिजवीत आणले. मग अग्र तेवढे उघडे राहील अशा बेताने तिच्यावर विद्युत्‌रोधक रोगणाचा लेप चढविला. मेंदूचे हेलकावे थोपविण्यासाठी कवटीवर बंदिस्त कक्ष बसविण्याची तजवीजही त्याने केली. या सुईचे वर्णन १९५७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

पुढल्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात टॉर्स्टेन वीझेलसह ह्यूबेल काम करीत असताना मांजराच्या दृष्टिकेंद्रातील एका पेशीजवळ ही सुई कित्येक तास स्थिर राहिली. मांजराला दाखविलेल्या काचपट्टीवरील काळ्या ठिपक्याला ती पेशी दाद देईना. पण पट्टी सरकविताना तिच्या कडेची रेघेसारखी छाया दृष्टिपटलावरून गेली, तशी ती आवेगाने स्पंदू लागली. विशिष्ट कलाच्या रेषेलाच प्रतिसाद देणाऱ्या पेशींचा हा शोध. १९८१ च्या नोबेल पारितोषिकामागे जे कार्य होते, त्याचा आरंभ येथे झाला. सुई क्षणात घसरली असती, तर ती छाया पडूनही व्यर्थ गेली असती.

१९७० च्या सुमारास सिलिकॉनची विद्युदग्रे आली, आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘न्यूरोपिक्सेल्स’ या सिलिकॉन विद्युदग्राच्या एक सेंटिमीटर लांबीच्या दांड्यावर ९६० नोंदस्थाने मावली, ज्यांपैकी ३८४ एकाच वेळी ऐकता येतात. तरीही कंपवातावरील शस्त्रक्रियेत मेंदूतील नेमके स्थान हुडकण्यासाठी शल्यविशारद आजही धातूच्या अशाच एकेरी सूक्ष्म सुया वापरतात.