ब्रेकची डिस्क : तासावी की बदलावी?

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे अजिंठ्याचा घाट उतरून फर्दापुरास येणाऱ्या सोयगावकरास ब्रेकचे महत्त्व सांगावे लागत नाही. उतारावर आवरलेला वेग उष्णता होऊन ब्रेकच्या बिडात शिरतो. म्हणूनच झिजलेले बीड लेथवर तासून पुन्हा वापरावे की टाकून द्यावे, हा प्रश्न दिसावयास कारखान्यातला असला तरी वस्तुतः उतारूंच्या जिवाचा आहे.

त्याला इतिहासही आहे. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६१ साली महाराष्ट्राचे मार्ग परिवहन महामंडळ उभे राहिले. त्या काळच्या बसगाड्यांना ड्रमचे ब्रेक असत. जाड ड्रमला आतून चरे पडले की टर्नरने तो लेथवर चढवून साफ करावा, ही रास्त काटकसर होती. मात्र प्रत्येक वेळी ड्रमचा व्यास वाढे, आणि त्यालाही मर्यादा असे.

डिस्क ब्रेकचे पेटंट इंग्लंडात लँचेस्टर यांनी १९०२ साली घेतले. तथापि त्याचा बोलबाला झाला तो १९५३ साली ल मान्सची शर्यत जग्वारने जिंकल्यावर. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते, परंतु ती दोन्ही अंगांनी झिजते. पातळ झालेली डिस्क उष्णता कमी साठवते, लवकर तापते आणि तडकू शकते.

याकरिता डिस्कची किमान जाडी ठरलेली असते; पुष्कळदा ती डिस्कवरच कोरलेली आढळते. मायक्रोमीटरने अनेक ठिकाणी मापावे. तडा नसेल, आणि तासल्यावरही पुढच्या झिजेपुरती जाडी शिल्लक राहत असेल, तरच लेथ. नाहीतर एकाच आसाच्या दोन्ही चाकांना नव्या डिस्क.

आता कामगाराची बाजू. अपघात झाला की प्रथम चालकाकडे बोट दाखवले जाते; कारखान्यात माप कोणी घेतले, कोणी डावलले, हे मागाहून विचारले जाते. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामास सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांचे माप लावले. तसेच माप लोखंडालाही पाळले जावे, असे आम्हांस वाटते. मापाची नोंद लेखी असावी, चालकाने मागितल्यास ती दाखवावी, आणि माप कमी भरल्यावर "गाडी निघणार नाही" म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या पाठीशी संघटनेने व उतारूंनीही उभे राहावे.