भौगोलिक माहितीचे खुले फॉरमॅट (चारकोपच्या संदर्भात)

भौगोलिक माहितीचे खुले फॉरमॅट : जागा, हद्द, रस्ता किंवा इमारत यांचे अक्षांश-रेखांश आणि त्यांना जोडलेली माहिती साठवणाऱ्या फाइल-रचनांपैकी ज्यांचा संपूर्ण तपशील प्रसिद्ध आहे आणि ज्या कोणत्याही एका कंपनीचे सॉफ्टवेअर विकत न घेता वाचता-लिहिता येतात, अशा रचना. इंटरनेटवर नकाशा देताना यांपैकी कोणती घ्यावी हा प्रश्न बहुधा सोयीचा समजला जातो. प्रत्यक्षात रूपांतर करताना काय गळून पडते, यावर निवड ठरते. ते दाखवण्यासाठी येथे मुंबई उपनगर जिल्ह्यातील चारकोप (कांदिवली पश्चिम) ही वसाहत उदाहरण म्हणून घेतली आहे.

चारकोप : मुंबई महानगरपालिकेच्या आर/दक्षिण विभागातील वस्ती, स्थान सुमारे १९.२१ उत्तर, ७२.८२ पूर्व. जागतिक बँकेच्या कर्जावर १९८५ ते १९९४ या काळात राबवलेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने येथे रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांची सोय केलेले लहान भूखंड वाटले; घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे होते. साधारण ३५ भूखंडांची एक सहकारी गृहनिर्माण संस्था आणि मध्ये मोकळे अंगण, अशी मांडणी सेक्टरांमागून सेक्टरांत दिसते. लहान भूखंड २५ चौरस मीटरच्या आसपासचे असून शेजारी घरांची भिंत सामाईक आहे. पत्ता प्लॉट, सेक्टर आणि ‘आरएससी’सारख्या रस्ताक्रमांकांनी सांगतात, टपाल, रिक्षा आणि गॅसवाला तिन्ही त्यावरच चालतात. प्रकल्प पूर्ण झाला तेव्हा अशा योजनांविषयी फारसे चांगले बोलले जात नव्हते. वीस वर्षांनी जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी मुंबई व चेन्नईतील या वसाहती पुन्हा पाहून २०१८ मध्ये ते मत बरेच बदलले. नकाशाकारांच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की इथे एक चुकलेला मीटर म्हणजे शेजाऱ्याचे स्वयंपाकघर.

खुले आणि यंत्रवाच्य : हे दोन गुण वेगळे आहेत. पीडीएफ २००८ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे, म्हणजे खुले आहे. तरी पीडीएफमधल्या नकाशातून भूखंडाचे क्षेत्रफळ किंवा आरक्षण यंत्राला थेट उचलता येत नाही. मुंबईच्या विकास आराखड्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २०१४–३४ चा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. चुकांविषयी ओरड झाल्यावर राज्य सरकारने एप्रिलमध्ये तो नव्याने करण्यास सांगितले, आणि सुधारित आराखडा २०१८ मध्ये मंजूर झाला. नागरिकांपुढे नकाशे आले ते मुख्यतः पीडीएफ पत्रकांच्या रूपात. आपल्या इमारतीवर रस्ता आखला आहे का, हे प्रत्येकाने पत्रक मोठे करून डोळ्यांनी शोधायचे. तीच माहिती थरांच्या रूपात मिळाली असती तर रस्त्यांचा थर इमारतींच्या थरावर ठेवून अशा जागांची यादी काही मिनिटांत निघाली असती. केंद्र सरकारच्या २०१२ च्या राष्ट्रीय डेटा धोरणात खुल्या व यंत्रवाच्य फॉरमॅटची अपेक्षा नोंदवली आहे. पालिका स्तरावर तिचे पालन एकसारखे झालेले दिसत नाही.

शेपफाइल : एस्री या अमेरिकन कंपनीचा १९९० च्या दशकातील फॉरमॅट. जुलै १९९८ मध्ये कंपनीने त्याचा तांत्रिक तपशील प्रसिद्ध केला, म्हणून तो खुल्यांत मोजतात; मात्र त्यात बदल करण्याचा अधिकार कोणत्याही मानक संस्थेकडे नाही. सरकारी कार्यालये, सल्लागार आणि महाविद्यालये आजही याच भाषेत बोलतात; ‘शेपफाइल द्या’ म्हणजे ‘नकाशाचा डेटा द्या’. नावात ‘फाइल’ एकवचनी असली तरी किमान तीन फाइली लागतात : आकृतीची एसएचपी, अनुक्रमाची एसएचएक्स आणि माहितीच्या तक्त्याची डीबीएफ. प्रक्षेपाची पीआरजे आणि लिपीसंकेताची सीपीजी या दोन ऐच्छिक आहेत आणि मेलमध्ये नेमक्या त्याच राहून जातात. पीआरजे राहिली तर नकाशा कोठे बसवायचा ते कळत नाही. सीपीजी राहिली तर देवनागरी नावांच्या जागी चौकोन व प्रश्नचिन्हे येतात.

मराठी वापरणाऱ्याला याहून मोठी अडचण डीबीएफची आहे. तिच्यात स्तंभाचे नाव १० बाइटांपुरते आणि मजकूर २५४ बाइटांपुरता असतो. यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हीही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. त्यामुळे स्तंभाच्या नावात तीनच चिन्हे मावतात, आणि ‘प्रभाग’ असे नाव दिले तर ‘प्र’ उरतो. ‘सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित’ एवढी शेपटीच ९३ बाइटांची होते. नवा मजकूर-स्तंभ करताना लांबी सहसा ८० धरलेली असते. ती वाढवली नाही तर संस्थेचे स्वतःचे नाव लिहिण्याआधीच जागा संपते. चारकोपसारख्या वसाहतीत, जिथे शेकडो संस्थांची नावे शेवटच्या चार शब्दांत सारखी, ही मर्यादा तात्त्विक राहत नाही. स्तंभांची नावे रोमन लिपीत व आतील नोंदी देवनागरीत ठेवणे हा प्रचलित उपाय. लांब नावे तरीही कापली जातात. युनिकोडपूर्व काळातील, ‘डीव्हीबी-टीटी’ घराण्याच्या फाँटांत टंकलेले तक्ते आधी युनिकोडमध्ये आणावे लागतात; फॉरमॅट कोणताही घेतला तरी ते टळत नाही.

याखेरीज प्रत्येक घटक-फाइलला २ जीबीची मर्यादा आहे, आणि एका शेपफाइलमध्ये बिंदू, रेषा व बहुभुज एकत्र ठेवता येत नाहीत.

जिओजेसन : मजकूर-संपादकातही उघडणारा, ब्राउझरला थेट कळणारा फॉरमॅट. पहिली आवृत्ती २००८ ची. ऑगस्ट २०१६ मध्ये इंटरनेट अभियांत्रिकी कृती दलाने आरएफसी ७९४६ म्हणून त्याचे मानक केले. मजकूर यूटीएफ-८ असल्याने देवनागरीला मर्यादा नाही. गिटहबवर टाकला की नकाशा दिसतो. डेटामीट या भारतीय खुला-डेटा समूहाच्या संग्रहात मुंबईसह अनेक शहरांच्या प्रभागसीमा अशा रूपांत मिळतात.

दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली क्रमाची : जिओजेसनमध्ये रेखांश आधी, अक्षांश नंतर; लीफलेटसारख्या वेब-नकाशाच्या लायब्ररीत अक्षांश आधी. आकडे उलटे पडले तर चारकोप नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाते. दुसरी दशांशांची. अंशाच्या चौथ्या दशांशाने सुमारे ११ मीटर दाखवले जातात, पाचव्याने सुमारे १.१ मीटर, सातव्याने सेंटिमीटरभर. फाइल हलकी करण्यासाठी चार दशांशांवर तोडणारे वेब-विकासक अनेक आहेत. विधानसभा मतदारसंघाच्या हद्दीला ते खपते, पण पाच मीटर बाय पाच मीटरच्या भूखंडाचे चारही कोपरे एकाच बिंदूवर येऊन भूखंड नाहीसा होऊ शकतो. चारकोपच्या मांडणीला सहा दशांश हा व्यवहार्य किमान म्हणता येईल. उलट पंधरा दशांश लिहिणारे सॉफ्टवेअर अणूच्या मापाची अचूकता मिरवते आणि फाइल निष्कारण फुगवते.

टोपोजेसन : जिओजेसनचाच एक प्रकार, सामाईक हद्द एकदाच साठवतो. भिंतीला भिंत लागलेल्या घरांत, तसेच प्रभागांच्या नकाशात, आकृती सोपी करताना मधे फटी पडत नाहीत. क्षेत्रीय कामात क्वचित वापरात.

जिओपॅकेज : ओपन जिओस्पेशिअल कन्सॉर्टियमने २०१४ मध्ये स्वीकारलेला, एसक्यूलाइट डेटाबेसवर आधारलेला फॉरमॅट. एकाच फाइलमध्ये अनेक थर, स्तंभांना पूर्ण मराठी नावे, हवा तो प्रक्षेप. शेपफाइलला पर्याय म्हणून प्रस्तुत लेखकाची शिफारस याचीच. चारकोपमध्ये त्याचा विशेष उपयोग असा की ‘चारकोप’ म्हणजे नेमके किती, याचे एक उत्तर नाही. म्हाडाची मांडणी एक सांगते, जुने गाव दुसरे, मतदारसंघांच्या पुनर्रचनेतून २००८ मध्ये निघालेला चारकोप विधानसभा मतदारसंघ तिसरे. मेट्रो २ए व ७ यांच्या गाड्यांचा ‘चारकोप डेपो’ चारकोपमध्ये धरायचा की मालवणीत, याबद्दलही लोक एकाच तऱ्हेने बोलत नाहीत. एकच हद्द ‘खरी’ म्हणून देण्यापेक्षा प्रत्येक थर वेगळा ठेवून त्यावर स्रोत व वर्ष लिहिणे बरे. पालिकेच्या प्रभागांना हे अधिकच लागू : २२७ प्रभाग २०२१ मध्ये २३६ करण्याचे ठरले आणि २०२२ मध्ये पुन्हा २२७ झाले, त्यामुळे नुसते ‘वॉर्ड’ नावाची फाइल पाच वर्षांनी कोणाच्याच कामाची नसते. सावधगिरीची बाब : फाइल क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये उघडी असताना शेजारी ‘वॅल’ नावाची सोबतफाइल तयार होते. तशाच अवस्थेत मुख्य फाइल पाठवली तर शेवटचे बदल मागे राहू शकतात.

मीटर आणि अंश : मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशात कांदळवनांना संरक्षण दिले, आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याचाही विचार आहे. चारकोपच्या पश्चिमेला खाडीलगत कांदळवने आहेत, म्हणून हा पट्टा नकाशावर काढणे स्थानिकांना वारंवार लागते. आरएफसी ७९४६ प्रमाणे जिओजेसन फक्त अंशांत असते. त्यावर थेट ‘५०’ टाकले तर सॉफ्टवेअर ५० अंश धरते आणि पट्टा खंडभर पसरतो. आधी यूटीएम ४३ उत्तर (ईपीएसजी ३२६४३) या मीटरच्या प्रक्षेपात आणावे, पट्टा काढावा, मग वेबसाठी परत अंशांत न्यावे. मधला टप्पा जिओपॅकेजमध्ये नीट जपला जातो. पट्ट्याची सुरुवात झाडांच्या कोणत्या कडेपासून धरायची हा वादाचा भाग असून तो फॉरमॅटच्या कक्षेबाहेर आहे.

केएमएल : कीहोल कंपनीचा, ती २००४ मध्ये गूगलने घेतली, आणि २००८ मध्ये केएमएल मानक झाले. फोनवर गूगल अर्थमध्ये उघडते, म्हणून संस्थेच्या सभासदांना व्हॉट्सॲपवर दाखवायला सोयीचे. तक्त्यातील माहिती अनेकदा फुग्यातल्या मजकुरात कोंबली जाते आणि परत सुटी करताना त्रास होतो. दाखवायला द्यावे, जपायला ठेवू नये.

सीएसव्ही : पाणपोई, दवाखाने, झाडे अशा बिंदूंच्या याद्यांना पुरेसे, एक्सेलमध्ये देवनागरी बिघडू नये म्हणून फाइलच्या सुरुवातीला बाइट-क्रमचिन्ह ठेवावे.

प्रतिमा-नकाशे : जिओटिफ.

बस व मेट्रोची वेळापत्रके : जीटीएफएस, म्हणजे मजकूर-तक्त्यांचे झिप.

रूपांतर : फ्रँक वॉर्मरडॅम यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली जीडीएएल ही मुक्त लायब्ररी वरील बहुतेक सर्व फॉरमॅट वाचते, २००२ मध्ये गॅरी शर्मन यांनी सुरू केलेले क्यूजीआयएस तिच्यावरच चालते. वास्तुविशारदांच्या डीडब्ल्यूजी रेखाचित्रांतून माहिती आणताना अनेकदा डीएक्सएफ मार्गे यावे लागते, आणि त्यात स्थानसंदर्भ बहुधा नसतो.

परवाना व कायदा : फॉरमॅट खुला म्हणून आतील माहिती खुली होत नाही, परवाना स्वतंत्रपणे लिहावा लागतो. केंद्र सरकारचा खुला डेटा परवाना २०१७ चा आहे. ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतलेली माहिती २०१२ पासून ओडीबीएल परवान्याखाली येते आणि तिच्यावर बेतलेला डेटाबेस सार्वजनिक केल्यास त्यालाही तीच अट लागते. केंद्र सरकारच्या १५ फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांना नकाशे तयार करण्यास व प्रसिद्ध करण्यास पूर्वपरवानगीची गरज ठेवली नाही. आडव्या दिशेने एक मीटरपेक्षा अधिक अचूक माहिती तयार करणे व बाळगणे मात्र भारतीय घटकांपुरते राखले आहे. चारकोपचा भूखंडनिहाय नकाशा या मर्यादेच्या अगदी काठावर येतो. त्यात रहिवाशांची नावे घालावीत की नुसते प्लॉट क्रमांक, याबाबत वरील फॉरमॅट काहीच सांगत नाहीत. क्रमांकांवर थांबण्याचा प्रघात आहे.