उमरास: नाव अमरावतीचे, भाव लिव्हरपूलचा

मुरलेली लाल बोर्दो वाइन पारखणारा पेला तिरका धरतो, कडेला विटकरी छटा उतरली आहे का ते पाहतो, मग वास घेतो, मग घोट. वऱ्हाडातल्या कापूसपारख्याची रीतही याच जातीची आहे. मुठीतली रुई उजेडात धरायची, कवडी (किडका, डागी कापूस) आणि पत्ती (पानांचा चुरा) किती ते पाहायचे, चिमूटभर रुई दोन्ही अंगठ्यांत धरून ओढत ओढत तंतू सरळ करायचे आणि धाग्याची लांबी नजरेने मापायची. दोघांचीही विद्या खरी. पण मालाची प्रत या विद्येनेच ठरते, हा समज इतिहासात टिकत नाही. बोर्दोची प्रसिद्ध प्रतवारी 1855 च्या पॅरिस प्रदर्शनासाठी तिथल्या दलालांनी केली, आणि तिचा मुख्य आधार चव नव्हे, तर वर्षानुवर्षे मिळालेले भाव होते.

अमरावतीचे नावही बाजारानेच घडवले. 1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, 1861 मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, आणि तिकडचा कापूस आटताच लिव्हरपूलच्या कापूसबाजाराची नजर इकडे वळली. उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, तिथे ‘उमरास’ झाले. पण बोर्दोत नाव मळ्याला बांधले गेले. इथे ते मातीतून सुटले. खानदेशचा आणि बार्शी-नगरकडचा कापूसही ‘उमरास’मध्ये मोजला जाऊ लागला, आणि उमरास म्हणजे आखूड धाग्याचा जाडाभरडा माल, असा अर्थ रूढ झाला.

यात दोष वऱ्हाडी शेतकऱ्याचाच, असा आक्षेप तेव्हापासून आहे: लांब धाग्याची बनी ही जात सोडून त्याने आखूड धाग्याची जरी पेरली. पेरली हे खरेच. पण जरीचे पीक जास्त येई आणि रेचणीत, म्हणजे सरकी वेगळी करताना, रुईही जास्त उतरे; बनीच्या लांब धाग्याला ही तूट भरून काढण्याइतका भाव गावच्या सौद्यात मिळत नसेल, तर बनी पेरणे हा दानधर्मच झाला. भेसळीचे म्हणाल तर ती होतीच; मुंबई इलाख्यात 1863 मध्येच तिच्याविरुद्ध कायदा करावा लागला. मात्र 1923 च्या कापूस वाहतूक कायद्याचा रोख पाहा: हलका कापूस चांगल्या मुलखात आणून मिसळण्यावर बंदी. रेल्वेने परमुलखातून माल आणणे हे काही दोन बैलांच्या धन्याचे काम नव्हे. कारंज्याच्या बाजाराला 1886 मध्ये आणि पुढे वऱ्हाडातल्या कापूस बाजारांना 1897 च्या कायद्याने शिस्त लावावी लागली, ती दलाल आणि मापाडी यांना, नांगराला नव्हे. गिरणीत शेवटी सगळे मिसळतेच, असेही कोणी म्हणेल. मिसळते, पण गिरणीवाला काय मिसळतो हे जाणून मिसळतो.

1973 मध्ये बोर्दोच्या यादीत मुतों रोथ्शिल्ड या मळ्याला वरची पायरी मिळाली, ती मालकाने अनेक दशके खटपट केल्यावर. बनी राखणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला अशी खटपट करायला स्वतःचे नावच नव्हते. परदेशी भावपत्रकात त्याचा कापूसही ‘उमरास’च होता.