रास्ना

रास्ना : ऑर्किडेसी म्हणजेच आमर कुलातील, झाडांच्या खोडांवर व फांद्यांवर वाढणारी सदाहरित, बहुवर्षायू वनस्पती. तिचे शास्त्रीय नाव व्हँडा टेसेलाटा असून जुन्या ग्रंथांत ती व्हँडा रॉक्सबर्घी या नावाने आढळते. विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील वनस्पतींविषयीच्या ग्रंथात तिचे वर्णन एपिडेंड्रम टेसेलाटम या नावाने केले होते. भारत, श्रीलंका, नेपाळ, बांगलादेश व म्यानमार या देशांत तिचा प्रसार आहे. महाराष्ट्रातील झाडांवर वाढणारी बहुतेक आमरे सह्याद्रीच्या पावसाळी, धुकट पट्ट्यात एकवटलेली असताना रास्ना मात्र पानझडी वनांत आणि मैदानी मुलखातील आंबा, कडुनिंब, मोह यांसारख्या झाडांवरही तग धरते. त्यामुळे परभणीसारख्या उष्ण व कोरड्या जिल्ह्यात लावण्यास योग्य अशा मोजक्या देशी आमरांत तिची गणना करावी लागते.

वर्णन : रास्नेचे खोड एकाक्ष म्हणजे एकाच शेंड्याने वर वाढत जाणारे असून त्याची लांबी साधारण ३० ते ६० सेंमी. असते. पाने दोन ओळींत, जाड, चिवट, पन्हाळीसारखी मुडपलेली व खाली वाकलेली असतात आणि त्यांची टोके कुरतडल्यासारखी दंतुर दिसतात. फुले उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या पूर्वार्धापर्यंत येतात. पानांच्या बगलेतून निघणाऱ्या मंजरीवर साधारणपणे पाच ते दहा सुवासिक फुले असून प्रत्येक फूल ३ ते ५ सेंमी. रुंद असते. पिवळसर हिरव्या किंवा निळसर पाकळ्यांवर तपकिरी रेघांची चौकटीदार जाळी असते व खालची ओठासारखी पाकळी जांभळट निळी असते. लांबट बोंडात धुळीसारखी असंख्य बीजे असतात.

जीवनपद्धती : रास्नेला पुष्कळदा बांडगूळ समजून तोडले जाते, परंतु बांडगूळ यजमान झाडाच्या ऊतकांत शोषक मुळे घुसवून पाणी व क्षार ओढते, तर रास्ना ही अपिवनस्पती म्हणजे दुसऱ्या झाडाचा केवळ आधार घेऊन स्वतःचे अन्न स्वतः तयार करणारी वनस्पती आहे. तिची जाड मुळे सालीला घट्ट चिकटतात किंवा हवेत लोंबतात. त्यांच्यावर मृत कोशिकांचे सच्छिद्र आवरण असते, त्यास व्हेलॅमेन म्हणतात. पावसाचे व दवाचे पाणी ते झटकन टिपून घेते. कोरडे असताना हे आवरण रुपेरी दिसते आणि भिजल्यावर आतील हरितद्रव्य दिसू लागल्याने मुळे हिरवी होतात. व्हँडा प्रजातीतील वनस्पती पानांची सूक्ष्म छिद्रे मुख्यतः रात्री उघडून कार्बन डाय-ऑक्साइड घेतात, तो आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा छिद्रे मिटून प्रकाशात त्याचा वापर करतात. त्यामुळे बाष्पोत्सर्जन कमी होते आणि कोरडा काळ निभावतो.

परभणीतील हवामान व लागवड : जिल्ह्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, मे महिन्यात कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते आणि डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा काही वेळा दहा अंशांखाली उतरतो. या तिन्ही ऋतूंचा विचार करूनच लागवडीची रीत ठरवावी लागते. गोदावरीच्या खोऱ्यातील काळी, चिकण माती पाणी धरून ठेवत असल्याने रास्नेच्या मुळांना अजिबात मानवत नाही. तिच्यात लावलेले रोप कुजते.

रोप जिवंत झाडावर लावणे ही सर्वांत सोपी पद्धत होय. त्यासाठी आंबा किंवा कडुनिंब यांसारखे खडबडीत व टिकाऊ सालीचे झाड घ्यावे. पेरू व निलगिरी यांची साल सोलून पडत असल्याने ती टाळावीत. पावसाळ्याच्या आरंभी रोप खोडाच्या पूर्वेकडील बाजूस, सकाळचे ऊन मिळेल पण दुपारचे टळेल असे, सुतळीने किंवा काथ्याने बांधावे. मुळे सालीला चिकटेपर्यंत बंध सोडू नये. कुंडीऐवजी लाकडी पट्ट्यांची टांगती करंडीही चालते. तीत लाकडी कोळशाचे व भाजलेल्या विटांचे मोठे तुकडे घालावेत, म्हणजे हवा खेळती राहते.

पाणी देण्याची वेळ मुळांच्या रंगावरून ठरवता येते : ती रुपेरी झाली की पाणी द्यावे आणि पुन्हा सुकू द्यावीत. मार्च ते मे या काळात सकाळी रोज, आणि उष्ण वारे असताना संध्याकाळीही फवारा द्यावा, तसेच शेडनेटने निम्मे ऊन अडवावे. पावसाळ्यात निसर्गतः मिळणारे पाणी बहुधा पुरते, तर हिवाळ्यात दोन पाण्यांतील अंतर वाढवावे. शेंड्याच्या पानांच्या बेचक्यात पाणी साचून राहिल्यास शेंडा कुजतो, आणि एकाक्ष वनस्पतीची उंचीची वाढ त्यासरशी थांबते. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असल्यास मुळांवर क्षारांचा थर बसतो. म्हणून साठवलेले पावसाचे पाणी उत्तम. वाढीच्या हंगामात १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम इतके सौम्य करून आठवड्यातून एकदा फवारावे व हिवाळ्यात बंद ठेवावे. खवले कीड व पिठ्या ढेकूण यांच्यावर निंबोळी अर्क उपयोगी पडतो. गोगलगायी मुळांची कोवळी टोके खातात, त्या वेचून काढाव्यात. पाने गर्द हिरवी होऊन फुले न येणे हे प्रकाश कमी पडल्याचे, तर पानांवर करपट डाग पडणे हे ऊन जास्त झाल्याचे लक्षण होय.

अभिवृद्धी : उंच वाढलेल्या रोपाचा शेंडा दोन-तीन मुळांसह कापून वेगळा लावता येतो, उरलेल्या बुंध्यातून बहुधा नवे फुटवे येतात. बीजात अन्नसाठा नसल्याने निसर्गात ते विशिष्ट कवकाच्या साहाय्यानेच रुजते. अमेरिकन शास्त्रज्ञ लुईस नडसन यांनी १९२२ मध्ये शर्करायुक्त पोषक माध्यमावर आमरांची बीजे कवकाशिवाय रुजवता येतात असे दाखवले आणि त्यानंतर प्रयोगशाळेतील रोपनिर्मितीचा मार्ग मोकळा झाला. बीजापासून फुलापर्यंत मात्र अनेक वर्षे लागतात.

उपयोग व संरक्षण : आयुर्वेदात वातविकारांवर रास्ना सांगितली आहे, मात्र त्या नावाने वापरात असलेली वनस्पती प्रदेशागणिक बदलते. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात प्लुचिया लॅन्सिओलाटा ही रास्ना मानली असून दक्षिणेत कुलिंजन, तर बंगालमध्ये प्रस्तुत आमराची मुळे वापरली जातात. औषधासाठी होणारी तोड आणि बांधांवरील जुन्या झाडांचा ऱ्हास हे तिच्यापुढील धोके आहेत. आमर कुल वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या कक्षेत येत असल्याने तिच्या निर्यातीवर निर्बंध आहेत. लागवडीसाठी रोपे रोपवाटिकेतूनच घ्यावीत. वादळात मोडलेल्या किंवा तोडलेल्या फांदीवरील रोपे तेवढी उचलून दुसऱ्या झाडावर बांधावीत, उभ्या झाडावरची काढू नयेत.